रान विकत घेणारं गाव

1949 साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, फेअरहोप नावाच्या गावातल्या चार तरुणांना तुरुंगात जावं लागलं. सक्तीच्या लष्करभरतीसाठी नाव नोंदवायला त्यांनी नकार दिला होता. चौघेही क्वेकर होते. हा ख्रिस्ती पंथ शस्त्र हाती घेत नाही, युद्धाला कोणत्याही रूपात हातभार लावत नाही. काही महिन्यांनी चौघे सुटले, पण गावातल्या क्वेकर कुटुंबांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती. जिथे आपल्या करातून तोफा घेतल्या जाणार नाहीत, अशा देशात जाऊन राहायचं. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या चिमुकल्या देशाने 1948 च्या डिसेंबरात आपलं सैन्यच बरखास्त केलं होतं. 1950-51 मध्ये फेअरहोपमधली चाळीसेक माणसं घरंदारं विकून तिकडे निघाली.

काही जण विमानाने गेले, काही जण सामानसुमान गाड्यांत भरून रस्त्याने. रस्ता अर्थात पूर्ण नव्हताच. निकाराग्वाची हद्द ओलांडताना वीसेक किलोमीटरचा टप्पा असा होता की तिथे वाटच नव्हती. ती स्वतः करत पुढे सरकायला त्यांना जवळपास महिना लागला. अखेर तिलारान डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,400 मीटर उंचीवर, हजारभर हेक्टरहून अधिक जमीन त्यांनी विकत घेतली आणि वस्तीला नाव दिलं मोंतेवेर्दे, म्हणजे हिरवा डोंगर. ऐन पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात उभं राहिलं की ढग अंगावरून जातात, झाडांच्या खोडांवर शेवाळ ठिबकत असतं. तसं वातावरण वर्षातला बहुतेक काळ असेल, तर जे रान उगवेल ते मोंतेवेर्देच्या माथ्यावर होतं. पाऊस पडला नाही तरी तिथली झाडं ढगांतून पाणी ओढून घेतात. फांद्याफांद्यांवर नेचे, आमरी आणि शेवाळ्याचे जाड थर चढलेले असतात.

या मंडळींनी डोंगरउतारावर गाई पाळल्या. दूध खाली शहरात न्यायचं तर वाटेतच नासायचं, म्हणून त्यांनी चीज करायला सुरुवात केली आणि काही वर्षांत मोंतेवेर्देचं चीज देशभर खपू लागलं. चीजसाठी दूध हवं, दुधासाठी कुरण हवं आणि कुरणासाठी रान तोडायला हवं. त्यांनीही ते तोडलं. मात्र आल्या आल्या त्यांनी एक निर्णय घेतला होता. गावाचं पाणी ज्या ओढ्यांतून येत होतं, ज्या पाण्यावर त्यांची लाकडाची गिरणी आणि छोटं वीजयंत्र चालणार होतं, त्या ओढ्यांच्या माथ्यावरचं 554 हेक्टर रान त्यांनी वाटणीतून बाजूला काढलं. ते कुणाच्याच नावावर करायचं नाही आणि तिथे कुऱ्हाड लावायची नाही, असं ठरलं. त्यात पक्ष्यांची वा बेडकांची काळजी नव्हती. पाणी टिकायला हवं होतं, एवढंच. पुढच्या सगळ्या घडामोडींचा पाया मात्र या 554 हेक्टरांनी घातला.

त्या काळात कोस्टा रिकात जमिनीवर हक्क मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग होता रान तोडणं. मोकळ्या जंगलात शिरायचं, झाडं पाडायची, जाळायची, कुंपण घालून चार गुरं सोडायची. अशी वहिवाट काही काळ बिनतक्रार चालली की कब्जा मान्य व्हायचा आणि तो विकताही यायचा. उभं रान ही पडीक जमीन मानली जायची. बँकाही कर्ज द्यायच्या ते गुरांसाठी. अमेरिकेत हॅम्बर्गरसाठी लागणाऱ्या स्वस्त मांसाची मागणी वाढत होती, त्यामुळे गोऱ्हे पोसणारा शेतकरी सरकारलाही हवासा वाटायचा. परिणाम व्हायचा तोच झाला. 1940 च्या दशकात देशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली होता. 1980 च्या दशकात जेमतेम चौथा हिस्सा उरला. झाडं पाडणारी माणसं दुष्ट नव्हती. भूमिहीन शेतकऱ्याला स्वतःचं शेत मिळवायला दुसरी वाटच ठेवलेली नव्हती.

या बदलाच्या मधोमध उभा असलेला एक माणूस म्हणजे विल्फर्ड गिंडन. फेअरहोपहून तुरुंगात गेलेल्या चौघांपैकी तो एक. सगळे त्याला ‘वुल्फ’ म्हणत. मोंतेवेर्देत आल्यावर त्याने यांत्रिक करवत आणली, ती चालवण्यात तो तरबेज झाला आणि शेजारपाजारच्या शेतकऱ्यांना करवती विकूही लागला. कुऱ्हाडीने ज्या झाडाला दिवस लागायचा, ते या यंत्राने तासाभरात आडवं व्हायचं. डोंगरावरची पायवाट न् पायवाट त्याला पाठ होती. कुठल्या ओढ्याला कुठे उतार आहे, कुणाचा कब्जा कुठवर पोचलाय, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

1970 च्या सुमारास जॉर्ज पॉवेल हा कॅलिफोर्नियातला संशोधक विद्यार्थी पत्नी हॅरिएटसह तिथे आला. वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र थव्याने फिरतात, त्या थव्यांचा तो अभ्यास करत होता. ज्या झाडांवर पक्षी मोजायचे, तीच झाडं पाडायला नव्या कब्जेदारांची रांग लागलेली त्याला दिसली. सरकारकडे अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहण्यात अर्थ नव्हता. त्याने वुल्फला सोबत घेतलं आणि दोघं एकेका कब्जेदाराला गाठू लागले. तुझ्या कब्जाची किंमत सांग, आम्ही देतो, तू दुसरीकडे शेत घे. सुरुवातीचे पैसे पॉवेलने स्वतःच्या खिशातून घातले. 1972 मध्ये या जमिनींतून मोंतेवेर्देचं ढगांच्या रानाचं अभयारण्य उभं राहिलं. जमिनीची मालकी आणि कारभार सान होसेमधल्या ट्रॉपिकल सायन्स सेंटर या देशी संस्थेने घेतला. जागतिक वन्यजीव निधीसारख्या परदेशी संस्थांकडून पैसे येऊ लागले. पुढे काही वर्षांत क्वेकरांनीही आपलं राखीव रान ट्रॉपिकल सायन्स सेंटरला नाममात्र भाड्याने दिलं. मालकी गावाकडे राहिली आणि राखण अभयारण्याकडे गेली.

करवती विकणारा वुल्फ आता अभयारण्याचा राखणदार झाला. पुढची कित्येक वर्षं त्याचं काम होतं हद्द राखण्याचं. हे काम नेमकं कसं चालतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. विकत घेतलेल्या रानाच्या कडेने मीटर-दोन मीटर रुंदीची पट्टी साफ करायची, म्हणजे हद्द डोळ्यांना दिसली पाहिजे. ठिकठिकाणी पाट्या ठोकायच्या. त्या भागात झाडोरा इतक्या झपाट्याने माजतो की वर्षभर हात लावला नाही तर पट्टी बुजून जाते, आणि बुजलेली हद्द म्हणजे नव्या कब्जेदाराला आमंत्रण. म्हणून पाठीवर तांदूळ, कडधान्य आणि ताडपत्री घेऊन, हातात लांब कोयता धरून राखणदार दिवसच्या दिवस हद्दीने चालतात. चिखलात बुटांचे ठसे दिसले, कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं की शिकारी आत शिरलेत हे कळतं. ते येतात पाका नावाच्या, मांसासाठी प्रसिद्ध असलेल्या मोठ्या उंदरासारख्या प्राण्याच्या मागावर. तेपेझक्विंत्ले म्हणतात त्याला तिथे. कधी ताडाच्या कोवळ्या गाभ्यासाठी झाडंच्या झाडं तोडलेली सापडतात. शिकारी बहुतेक वेळा ओळखीचेच असतात, शेजारच्या वस्तीतले. त्यामुळे राखणदाराला धाकापेक्षा बोलणं जास्त यावं लागतं. बाहेरून आणलेल्या पगारी पहारेकऱ्याला हे जमलं नसतं.

अभयारण्य झालं तरी त्याच्या पूर्वेला, कॅरिबियन समुद्राकडे उतरणाऱ्या पेन्यास ब्लांकास नदीच्या खोऱ्यात वेगळाच गुंता होता. तिथे आधीपासून शेतकऱ्यांचे कब्जे होते. पुढे आरेनाल धरणाच्या पाणलोटासाठी सरकारने 1977 मध्ये तो मुलूख संरक्षित म्हणून जाहीर केला. कागदावर झाडं वाचली, पण कब्जेदारांना मोबदला मिळाला नाही. जमीन कसता येईना, विकता येईना, सोडून जायलाही पैसे नाहीत. अशा अवस्थेतला माणूस गुपचूप झाडं तोडतोच. राखीव जाहीर केलेलं रान तिथल्या शेतकऱ्यांच्या लेखी त्यांच्यावरचा अन्याय होता, आणि तो खराच होता.

1986 मध्ये मोंतेवेर्देतले क्वेकर, आसपासचे कोस्टा रिकन शेतकरी आणि तिथे काम करणारे जीवशास्त्रज्ञ यांनी मिळून मोंतेवेर्दे संवर्धन संघ स्थापन केला. पहिलं मोठं काम ठरलं पेन्यास ब्लांकास खोऱ्यातल्या अडकून पडलेल्या शेतकऱ्यांना रास्त किंमत देऊन त्यांचे कब्जे विकत घेण्याचं. व्यवहार सरळ नसायचे. बऱ्याच जमिनींचं खरेदीखतच नव्हतं, नुसती वहिवाट होती. मोजणी करायची, शेजाऱ्यांकडून हद्द कबूल करून घ्यायची, भावाभावांच्या वाटण्या मिटवायच्या, मग नोंदणी कचेरीच्या खेपा. हे सगळं करायला त्याच डोंगरातली माणसं हवीत. लागणारा पैसा मात्र डोंगरात नव्हता.

तो पैसा एका अनपेक्षित ठिकाणाहून आला. शॅरन किन्समन ही अमेरिकन जीवशास्त्रज्ञ मोंतेवेर्देत संशोधन करत होती. 1987 मध्ये स्वीडनमध्ये असताना तिने एका लहानशा ग्रामीण शाळेत या रानाच्या पारदर्शिका दाखवल्या. शाळेच्या शिक्षिका एहा केर्न मुलांना वर्षावनांबद्दल शिकवत होत्या. वर्गातला नऊ वर्षांचा रोलांड तिएन्सू याने विचारलं, हे रान वाचवायला आपण काय करू शकतो? किन्समनने सांगितलं की तिथे एक संघ आहे, तो जमीन विकत घेतोय, पैसे मिळाले तर आणखी घेऊ शकेल. मुलांनी नाटक बसवलं, वस्तू करून विकल्या, जत्रा भरवली, आणि जमा झालेले पैसे मोंतेवेर्देला पाठवले. त्यातून काही हेक्टर रान विकत घेता आलं.

बातमी पसरली. केर्न आणि त्यांच्या पतीने ‘बार्नेन्स रेग्नस्कोग’ म्हणजे ‘मुलांचं वर्षावन’ नावाची संस्था काढली आणि स्वीडनभरच्या शाळा त्यात उतरल्या. मग ब्रिटन, अमेरिका, जर्मनी, जपान इथेही मुलांचे गट उभे राहिले. अखेर 44 देशांतल्या मुलांचा हातभार लागल्याची नोंद आहे. 1991 मध्ये एहा केर्न आणि रोलांड या दोघांना मिळून पर्यावरणासाठीचं गोल्डमन पारितोषिक मिळालं. या पैशातून मोंतेवेर्दे संवर्धन संघाने जे रान जोडत नेलं त्याचं नाव ‘बोस्के एतेर्नो दे लोस निन्योस’, मुलांचं चिरंतन रान. आज ते 22,000 हेक्टरांहून मोठं आहे आणि कोस्टा रिकातलं सर्वांत मोठं खासगी राखीव रान आहे.

मुलांच्या डब्यांतल्या नाण्यांबरोबर मोठ्या माणसांच्या हिशेबी युक्त्याही कामाला आल्या. 1980 च्या दशकात कोस्टा रिका परदेशी कर्जात बुडालेला होता. ते कर्ज वसूल होईल याची परदेशी बँकांनाही खात्री नव्हती, त्यामुळे त्या ते मूळ रकमेपेक्षा बऱ्याच कमी किमतीत विकायला तयार असत. निसर्ग संस्था असं कर्ज स्वस्तात विकत घ्यायच्या आणि ते माफ करण्याच्या बदल्यात कोस्टा रिकाच्या मध्यवर्ती बँकेने देशी चलनातले रोखे संवर्धनासाठी द्यावेत असा करार करायच्या. 1991 च्या जानेवारीत मोंतेवेर्देच्या संघाला सोबत घेऊन झालेल्या अशा एका व्यवहारात 6 लाख डॉलरचं कर्ज 3 लाख 60 हजारांना घेतलं गेलं आणि त्यातून संवर्धनासाठी 5 लाख 40 हजार डॉलर किमतीचे रोखे उभे राहिले. दात्याच्या एका डॉलरचे डोंगरात पोचेपर्यंत दीड झाले.

या सगळ्या काळात परदेशातून पैसे आले, पण जमीन परदेशी संस्थांच्या नावावर झाली नाही. खरेदीखतावर नाव राहिलं ते मोंतेवेर्देच्या संघाचं, आणि कोणती जमीन आधी घ्यायची, कुणाला किती द्यायचे हे ठरवणारी माणसं त्याच रस्त्यावर राहत होती. एरवी अशा मोहिमांना परक्यांनी येऊन गाव उठवल्याचा वास येतो. मोंतेवेर्देतही कुरकुर झाली, पण विकणारा आणि घेणारा दोघे पुढची वीस वर्षं एकाच दुकानात भेटणार होते. त्यामुळे किंमत पाडून घेण्याला आपसूक मर्यादा होती.

शेजाऱ्यांशी नातं राखायला नुसती खरेदी पुरणार नाही हेही संघाला लवकर कळलं. तिलारानच्या रांगेवर कोरड्या महिन्यांत असा वारा सुटतो की गाईंचं दूध आटतं आणि पिकं आडवी होतात. संघाने 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून शेतकऱ्यांबरोबर शेतांच्या बांधांवर झाडांच्या ओळी लावायला सुरुवात केली. रोपं संघाची, खड्डे आणि राखण शेतकऱ्याची. काही वर्षांत शेकडो शेतांवर लाखो झाडं उभी राहिली. वारा अडला, दूध वाढलं, आणि रानातले पक्षी या ओळींच्या आधाराने शेतांतून ये-जा करू लागले. त्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांमुळे ओळींत रानातली झाडंही रुजली.

मात्र याच वर्षांत विकत घेतलेल्या रानाच्या ऐन गाभ्यात एक मोठं नुकसान झालं. मोंतेवेर्देच्या माथ्यावर सोनेरी भेक होता. नराचा रंग झगझगीत नारिंगी, आणि जगात दुसरीकडे कुठेही तो नव्हता. जे सॅव्हेज या शास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. एरवी तो जमिनीखाली दडलेला असायचा, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी काही दिवस झाडांच्या मुळांतल्या डबक्यांभोवती शेकड्यांनी जमायचा. मार्था क्रम्प या अभ्यासिकेला 1987 मध्ये असे दीड हजारांवर भेक दिसले. पुढच्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 15 मे 1989 ला एक नर दिसला, आणि त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. 2004 मध्ये जात नामशेष जाहीर झाली. त्याचं सगळं घर अभयारण्यात होतं, एकही झाड तुटलेलं नव्हतं. बेडकांच्या कातडीवर वाढणारी बुरशी आणि बदलतं हवामान यांच्याकडे अभ्यासकांनी बोट दाखवलं. 1999 मध्ये ॲलन पाउंड्स आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मोंतेवेर्देत धुक्याविना जाणारे कोरडे दिवस वाढत चाललेत आणि खालच्या उंचीवरचे पक्षी वर सरकतायत. ढगांना खरेदीखत लागू होत नाही.

दुसरा धडा क्वेट्झल पक्ष्याने दिला. हिरव्या-लाल रंगाचा, लांबलचक शेपटीचा हा पक्षी मोंतेवेर्देची ओळख आहे. जॉर्ज पॉवेलने पुढे क्वेट्झलांना छोटी रेडिओ-यंत्रं बांधून त्यांचा माग काढला. 1995 मध्ये त्याने आणि सहकारी रॉबिन ब्योर्क यांनी निष्कर्ष मांडले. पिलं उडाली की हे पक्षी माथा सोडतात आणि फळांच्या हंगामानुसार डोंगराच्या दोन्ही बाजूंना खाली उतरतात. पॅसिफिककडच्या उतारावर तर ते शेतांमध्ये उरलेल्या रानाच्या तुकड्यांत महिनोन्महिने राहतात. म्हणजे तेवीस वर्षांपूर्वी ज्या पक्ष्यांसाठी हद्द आखली, त्यांचं अर्धं वर्ष हद्दीबाहेर जात होतं. तेव्हापासून माथ्यापासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत रानाचे तुकडे जोडण्याचे प्रयत्न गावातल्या संस्थांनी सुरू केले. इथे सगळं विकत घेणं शक्यच नव्हतं. शेतकऱ्याने जमीन स्वतःकडेच ठेवायची, पण त्यातलं रान कायम राखण्याचा नोंदणीकृत करार करायचा, ही वाट तिथे जास्त चालली.

आणि पैशाची अडचण होतीच. हेक्टर विकत घ्यायला दाते पुढे येतात, कारण आपल्या पैशातून अमुक एवढं रान वाचलं हे सांगता येतं. राखणदाराच्या पगाराला, त्याच्या बुटांना, मोजणीच्या खर्चाला, कोर्टकज्ज्यांना कुणी जत्रा भरवत नाही. 1990 च्या दशकाच्या मध्याला वर्षावनांची लाट ओसरली, देणग्या आटल्या, आणि ऐन जमीन सर्वांत जास्त असताना संघाला माणसं कमी करावी लागली. वीस हजारांवर हेक्टर आणि मोजके राखणदार, असा तो काळ होता.

त्यातून वाट निघाली ती देशाच्या कायद्यातून. 1996 च्या वनकायद्याने कोस्टा रिकाने जुनं गणित उलटं केलं. रान तोडून दुसऱ्या वापराला जमीन काढण्यावर बंदी आली, आणि उभं रान राखणाऱ्या जमीनमालकाला सरकार दर हेक्टरी मोबदला देऊ लागलं. हा पैसा मुख्यतः इंधनावरच्या करातून येत होता. मुलांचं रान राखणारा संघही त्याचा लाभार्थी झाला. 1998 मध्ये ला एस्पेरांसा या खासगी जलविद्युत प्रकल्पाशी संघाने 99 वर्षांचा करार केला. प्रकल्पाचं पाणी ज्या रानातून येतं ते संघाच्या मालकीचं आहे, तेव्हा रान राखल्याबद्दल कंपनीने हेक्टरी पैसे द्यायचे. 1951 मध्ये क्वेकरांनी पाण्यासाठी माथा राखला होता. आता त्याच कारणासाठी रानाला नियमित उत्पन्न मिळू लागलं. पोकोसोल आणि सान हेरार्दो इथली संशोधन केंद्रं आणि गावाजवळची बाखो देल तिग्रेची पायवाट यांच्यामुळे अभ्यासक आणि पर्यटकांचीही थोडी भर पडते.

देशाचा निम्म्याहून अधिक भाग आज पुन्हा झाडांखाली आहे. त्याचं श्रेय एकट्या मोंतेवेर्देला देता येणार नाही. गोमांसाचे पडलेले भाव, पर्यटन आणि 1996 चा कायदा यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण तो कायदा येण्याआधीची पंचवीस वर्षं, ज्या काळात सगळ्यात जास्त तोड झाली, त्या काळात हा डोंगर उभा राहिला तो कब्जेदाराच्या हाती पैसे ठेवून आणि हद्दीने पायी फिरून. वुल्फ गिंडन 2016 मध्ये वारला. त्याच्या हाताखाली शिकलेल्या माणसांनी हद्दीची कामं पुढे चालवली. 1987 मध्ये नाटक बसवणारी ती मुलं आज पन्नाशीकडे झुकली आहेत. पॅसिफिकच्या उतारावर क्वेट्झल जिथे उतरतात, तिथले रानाचे बरेच तुकडे अजून खासगी शेतांत सुटे पडलेले आहेत, आणि गावातल्या संस्था एकेका शेतमालकाशी बोलून ते सांधतायत. यापुढे जो कुणी अशा रानासाठी पैसे देईल, त्याने हेक्टरांबरोबर राखणदाराचा दहा वर्षांचा पगारही मोजून द्यावा, एवढं तरी मोंतेवेर्देच्या अनुभवावरून ठामपणे मागता येतं.